खोलगट छाती वर उचलण्याच्या ‘नस’ (Nuss) शस्त्रक्रियेनंतर छातीतली पट्टी सरकली, तर तो डॉक्टरांचा निष्काळजीपणा ठरतो का?

नाही, केवळ पट्टी सरकली म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. खोलगट छाती उचलून धरणारी ही धातूची पट्टी साधारण २ ते ४ वर्षं शरीरात राहते; ती सरकणं, फुप्फुसाभोवती हवा साठणं, जंतुसंसर्ग हे माहीत असलेले धोके आहेत. पाहायचं ते हे की धोके आधी समजावून सांगितले होते का, निकेलच्या अ‍ॅलर्जीची चौकशी झाली होती का, आणि (मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं) दुखणं वाढल्याचं सांगितल्यावर लगेच एक्स-रे काढला का. वारंवार सांगूनही दुर्लक्ष झालं असेल, तर तुमची बाजू भक्कम होते. मात्र त्यासाठी सहसा दुसऱ्या छातीच्या सर्जनचं लेखी मत लागतं; सगळे एक्स-रे आणि ऑपरेशनच्या नोंदी आत्ताच मागून घ्या.