सॅक उतरल्यावर

मागच्या अंकात या सदरात लांब पल्ल्याच्या ट्रेलची, म्हणजे महिनोन् महिने चालायच्या डोंगरवाटेची, तयारी कशी करावी, याबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं निघणाऱ्यांची नव्हती, परत आलेल्यांची होती. त्यातली चार इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा गेली. जाणारच होती.

प्रश्न : ताई, मी 27 वर्षांची आहे. नोकरी सोडून अमेरिकेतला अपालाचियन ट्रेल पूर्ण चालले. परत येऊन तीन महिने होत आले. पहिला आठवडा गरम पाणी आणि गादीच्या कौतुकात गेला. आता सकाळी उठायचं कशासाठी हेच समजत नाही. गादीवर झोप लागत नाही, खिडकी बंद असली की जीव घुसमटतो. मैत्रिणी ‘कसं झालं गं?’ म्हणून विचारतात आणि मी दुसऱ्या वाक्यावर येईपर्यंत फोनमध्ये बघायला लागतात. ट्रेलवरच्या मंडळींचा ग्रुप आहे, त्यावरचे फोटो पाहून रडू येतं. आई म्हणते, मनासारखं सगळं करून आलीस, आता आणखी काय हवंय? पुढच्या वर्षी तिथलाच, पश्चिमेकडचा पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल करावा असं डोक्यात घोळतंय. परमिटसाठी अर्ज करू का? (नाव छापू नये.)

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. एवढ्यात नको. ट्रेल वाईट आहे म्हणून नव्हे, मी स्वतः तोच चालले आहे. पण आत्ता तू निघालीस तर तिकडे जाण्यापेक्षा इथून सुटण्यासाठी निघशील, आणि चार हजारांहून जास्त किलोमीटर चालून पुन्हा याच खोलीत येशील.

तुझं जे चाललंय ते नवलाचं नाही. लांब ट्रेलवरून परतलेल्यांपैकी खूप जणांचं असंच होतं आणि चालणाऱ्यांच्या गप्पांत हा विषय हटकून निघतो. आईला मात्र तो कळणार नाही, कारण तिच्या लेखी प्रवास संपला तो दमण्याचा भाग आणि घर म्हणजे विश्रांती. तिच्याशी वाद घालू नकोस.

पहिली गोष्ट शरीराची. पाच-सहा महिने तू रोज आठ-दहा तास उन्हावाऱ्यात चढत-उतरत होतीस. उजाडलं की उठायचं, अंधार पडला की आडवं व्हायचं. ते सगळं एका दिवसात थांबलं. झोप, भूक आणि मनाची उभारी या तिन्हींचा हालचालीशी आणि सकाळच्या उजेडाशी संबंध असतो, तेव्हा तिन्ही एकदम बिघडली यात तुझ्या स्वभावाचा दोष शोधू नकोस. उद्यापासून उजाडताना बाहेर पडून तासभर चाल. मूड असो-नसो, पाऊस असो-नसो. ट्रेलवर तू मूडला विचारून तंबू आवरत नव्हतीस. झोपेचं म्हणशील तर मॅट जमिनीवर अंथर, खिडकी उघड आणि तिथे झोप. कुणी हसलं तर हसू दे. बहुतेकांची ही सवय काही आठवड्यांत आपोआप सुटते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तुझ्या ट्रेलवर झाडांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच अशा पांढऱ्या पट्ट्या रंगवलेल्या होत्या. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेन राज्यातल्या कटाडिन शिखरापर्यंत, चौदा राज्यांत, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. पट्टी दिसली की आपण बरोबर चाललोय. दिवसाचा निम्मा विचार त्या पट्ट्यांनीच करून टाकलेला असायचा. आपल्या वाट्याला राहायचं ते पाणी कुठे भरायचं, तंबू कुठे टाकायचा आणि किती चालायचं एवढंच, आणि संध्याकाळी ते झालं की नाही याबद्दल शंका उरायची नाही. घरी दिवसाचे सगळे निर्णय तुझ्या अंगावर येतात आणि रात्री कुठलाच पूर्ण झाल्यासारखा वाटत नाही.

म्हणून ‘मला ट्रेलची आठवण येते’ या वाक्यावर थांबू नकोस. नेमकं काय आठवतं? माझ्या ट्रेलवरची सिएरा नेवाडा पर्वतरांग माझ्याबरोबर ओलांडलेला एक सुतार होता. तो परतल्यावर दर रविवारी डोंगरात जायचा आणि कुरकुरत घरी यायचा. त्याला डोंगर नको होते, संध्याकाळी चूल पेटवताना शेजारी बसून बोलणारं माणूस हवं होतं. निवृत्त झालेल्या एका परिचारिकेला माणसांशी काही देणंघेणं नव्हतं, तिला उघड्यावर झोपायचं होतं. ती अजून गच्चीत झोपते आणि मजेत आहे. माझं निराळंच निघालं. माझ्या दोन्ही काठ्या एका ठेक्यात वाजायच्या, म्हणून ट्रेलवर मला सगळे मेट्रोनोम, म्हणजे गाण्याचा ठेका मोजणारं यंत्र, म्हणायचे. मी काय काम करते, किती शिकले, लग्न झालंय का, हे विचारायची कुणालाच गरज पडली नाही. मला आठवण यायची ती त्या न विचारण्याची. घरी आल्यावर मी एका हौशी गायनवृंदात जायला लागले, तिथे मला फक्त दुसऱ्या रांगेतली तिसरी म्हणून ओळखतात. डोंगराशी त्याचा काही संबंध नाही, पण जे हवं होतं ते मिळालं.

तू एक कागद घे. ट्रेलवरचे पाच-सहा प्रसंग लिही. देखावे लिहू नकोस, देखावे सगळ्यांचे सारखेच असतात. त्या प्रसंगात तू काय करत होतीस आणि बरोबर कोण होतं, ते लिही. प्रत्येक प्रसंगात माणसं दिसली तर एक उपाय, कुठेच दिसली नाहीत तर दुसरा. अंगमेहनत दिसली तर तिसरा. यातलं पुष्कळसं इथे मिळवता येतं. जे उरेल, जे खरोखर ट्रेलशिवाय मिळतच नाही, त्यासाठी पुढे परमिट काढ.

मैत्रिणींना सबंध ट्रेल सांगायला जाऊ नकोस. एक प्रसंग, दोन मिनिटं, तोही जरा फजितीचा. जिला ऐकायचं असेल ती ‘मग?’ म्हणेल. सगळं ऐकायला चालून आलेलंच माणूस लागतं. तो ग्रुप म्यूट कर आणि त्यातल्या एकाला आठवड्यातून एकदा फोन लाव. फोटोंनी हुरहूर वाढते, बोलण्याने निवते असा माझा अनुभव आहे.

आता डॉक्टरांचं. सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक दोन्ही बिघडली असेल, तर ‘ट्रेलनंतरचं असंच असतं’ म्हणून अंगावर काढू नकोस. मनोविकारतज्ज्ञांकडे जा. तुझ्या पत्रावरून मला वाटतं, ती वेळ आलेली आहे. जगून काय उपयोग असा विचार एकदाही डोकावला असेल तर उद्यावर टाकू नकोस, आजच घरात कुणाला तरी सांग आणि आजच डॉक्टर गाठ. सोबत रक्ताची तपासणी करून घे. हिमोग्लोबिन, बी-12, ड जीवनसत्त्व, थायरॉइड. महिनोन् महिने पाकिटातलं अन्न खाल्लेल्या शरीराचा थकवा मनाच्या खात्यावर लिहिला जाऊ नये. आणखी एक. तुझ्या ट्रेलचा बराचसा भाग लाइम आजार पसरवणाऱ्या गोचिडींच्या पट्ट्यातून जातो. ताप, पसरत जाणारा लाल चट्टा, सांधेदुखी, न जाणारा थकवा यांपैकी काही असेल तर कुठे चालून आलीस ते डॉक्टरांना आपणहून सांग. जिथे तो आजार नसतो तिथल्या डॉक्टरांच्या तो चटकन मनात येत नाही. गोचीड चावलेली आठवत नसली तरी सांग.

परमिटच्या निमित्ताने अर्ल शॅफर आठवला. तुझाच ट्रेल एका दमात चालल्याची पहिली नोंद त्याच्या नावावर आहे, 1948 सालची. महायुद्धात जवळचा मित्र गमावून आलेला हा तरुण सैन्यातले दिवस अंगातून चालून घालवायला निघाला होता. तो पुन्हा सबंध ट्रेल चालला 1965 मध्ये, उलट्या दिशेने. तिसऱ्यांदा 1998 मध्ये, ऐंशीला टेकलेला असताना. मधली सतरा आणि तेहेतीस वर्षं त्याच्या पायांना कुणी बांधून ठेवलं नव्हतं. तुलाही घाई नाही. ट्रेल जागेवरच असतो.

प्रश्न : वय 63. निवृत्तीनंतर लांबचा ट्रेल पूर्ण केला. मन उत्तम आहे, तक्रार पायांची. सकाळी अंथरुणातून उतरलो की टाचेत कळ येते. दोन्ही पायांची बोटं बधिर आहेत. जुने बूट एकही बसत नाहीत. आणि भूक अजून ट्रेलवरचीच आहे, पँट मात्र घट्ट होत चालली आहे.

उत्तर : काका, सकाळच्या पहिल्या काही पावलांना टाच दुखणं आणि मग थोडं सैल होणं, हे बहुधा तळव्याखालच्या चिवट पट्ट्याचं दुखणं असतं. घरातल्या कडक फरशीवर अनवाणी फिरू नका, मऊ तळाची चप्पल घाला. उठायच्या आधी अंथरुणातच पायाचा चवडा हाताने स्वतःकडे ओढून धरा आणि दिवसातून दोन-तीनदा भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा. हे आठवड्यात जात नाही, महिने घेतं.

बोटांचा बधिरपणा सॅकच्या ओझ्याने आणि पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबाने येतो आणि बहुतेकांचा हळूहळू उतरतो, कित्येकदा काही महिन्यांनी. पण तुमच्या वयाला साखर तपासल्याशिवाय हे गृहीत धरू नका. बधिरपणा वर सरकत असेल, पाय लटपटत असेल किंवा एकाच पायाचा वाढत असेल तर लगेच दाखवा. बूट नवे घ्या आणि पाय संध्याकाळी मोजा, तेव्हा तो सर्वांत मोठा असतो. कमान थोडी बसून पाय कायमचा अर्धा नंबर वाढलेला राहू शकतो. काळी पडलेली नखं असतील तर धीर धरा, अंगठ्याचं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

भुकेचं असं, की ट्रेलवर रोज चार-पाच हजार कॅलरी सहज जळतात. चालणं थांबतं त्या दिवशी खर्च कमी होतो, भुकेला ते कळायला काही आठवडे जातात. ताट लहान करण्यापेक्षा त्यातलं बदला. भाज्या आणि प्रथिनं वाढवा, खिशातला खाऊ बंद करा. शिवाय वजनं उचला. महिनोन् महिने फक्त चालल्याने दंड-छातीचे स्नायू उतरलेले असतात.

प्रश्न : आमचे हे न्यूझीलंडचा तीन हजार किलोमीटरचा ‘ते अरारोआ’ चालून आले. पाच महिने घर, सासूबाईंची औषधं, मुलाची परीक्षा मी एकटीने पाहिली. आल्यापासून ते कपाटं उघडून ‘हे कशाला लागतं, ते कशाला लागतं’ करत असतात. म्हणतात, माझं सगळं आयुष्य दहा किलोत मावत होतं. काल माझे दिवाणातले कपडे बाहेर काढून ठेवले होते. नाहीतर गप्प बसून असतात. काय करावं?

उत्तर : वहिनी, त्या दहा किलोत सासूबाईंची औषधं नव्हती, हे त्यांना शांतपणे सांगा. ओझं कमी झालं ते काही अंशी सॅक हलकी होती म्हणून, आणि काही अंशी बाकीचं तुम्ही उचललंत म्हणून.

परतलेल्या माणसाला घरातल्या वस्तू खरोखर अंगावर येतात, ते नाटक नसतं. पण त्यांनी स्वतःचं कपाट रिकामं करावं, तुमचं नाही. सामाईक वस्तूंना तीन महिने हात लावायचा नाही, असं ठरवून टाका. आणि त्यांना ‘मदत’ मागू नका, एक अख्खं काम सोपवा. औषधांचं सगळं त्यांच्याकडे द्या, आणणं, डबीत भरणं, वेळेवर देणं. ज्याला रोज ठरलेलं काम होतं त्याला पुन्हा ठरलेलं काम मिळेल आणि तुमच्या डोक्यातून एक गोष्ट कायमची उतरेल. सकाळचा एक तास त्यांचा चालायचा, त्यात घरच्यांनी ढवळाढवळ करू नये. तुमचा तास संध्याकाळी. तो कशात घालवलात हे कुणाला सांगायची गरज नाही.

हा अंक त्यांच्या हाती पडेल असं पाहा, कारण पुढचं त्यांच्यासाठी आहे. भाऊ, तुमच्या नद्या आणि चिखल कुणी ऐकून घेत नाही म्हणून तुम्ही गप्प आहात ना? या पाच महिन्यांत घरी काय काय झालं, ते तुम्ही विचारलंत का? आज विचारा आणि मध्ये न बोलता ऐका.

प्रश्न : मुलाखतीत ‘हे सहा महिने काय केलंत?’ विचारतात. काय सांगावं?

उत्तर : खरं तेच, तीन वाक्यांत. कुठला ट्रेल, किती किलोमीटर, आणि वाटेत घेतलेला एक कठीण निर्णय. बर्फ जास्त म्हणून थांबलात, जोडीदार जखमी झाला म्हणून मागे फिरलात, असं काहीतरी. ‘स्वतःचा शोध’ हे शब्द टाळा, समोरच्याला वाटतं की शोध अजून चालू आहे आणि तुम्ही पुन्हा जाल. तसा तुमचा विचार असेलच तर तेही विचारल्यावर सांगा. आणि जाता जाता सगळ्यांनाच विचारते, सॅक धुतली का? स्लीपिंग बॅग पिसांची असेल तर पिशवीत कोंबून ठेवू नका, सैल टांगा. तंबू पूर्ण वाळवूनच घडी घाला, ओलसर राहिला तर आतला जलरोधक थर चिकट होऊन सुटतो. हवेची मॅट उलगडून, व्हॉल्व्ह उघडा ठेवून पलंगाखाली सरकवा.