‘सँक्च्युअरी स्टेट’ला मराठीत काय म्हणावं?

न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलंय: ‘इथल्या बातम्या मी फोनवर सांगलीला आईला सांगते. परवा ‘सँक्च्युअरी स्टेट’चं ‘अभयारण्य राज्य’ केलं, तर ती म्हणाली, तिथे गवे आहेत का गं? बरोबर शब्द कोणता? आणि ‘डिटेनर’ म्हणजे अटक वॉरंटच ना?’

आईंचं चुकलं नाही. अभयारण्यातलं अरण्य काही केल्या बाहेर काढता येत नाही, आणि सांगलीकरांना राधानगरी जवळ, गवे आठवणारच. मग अरण्य तोडून नुसतं ‘अभय राज्य’ म्हणावं, तर आपल्याकडे ‘अभय योजना’ फार झाल्या. थकलेल्या मुद्रांक शुल्काचा किंवा पाणीपट्टीचा दंड माफ करतात ती अभय योजना. म्हणजे ‘अभय’ म्हटलं की माफी आली. अमेरिकेत ज्या कायद्यांमुळे एखाद्या राज्याला ‘सँक्च्युअरी स्टेट’ म्हणतात, त्यांत माफी कुणालाच नाही. कॅलिफोर्नियाचा २०१७ चा कायदा घ्या. काही गंभीर गुन्ह्यांचे अपवाद सोडले, तर तो एवढंच सांगतो की परदेशी माणसांची कागदपत्रं तपासून त्यांना पकडण्याच्या कामी राज्यातल्या पोलिसांनी आपली माणसं आणि पैसा लावायचा नाही. केंद्राचे इमिग्रेशन अधिकारी, म्हणजे ‘आईस’वाले, लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर स्वतः येऊन कुणाला पकडू शकतातच.

‘आश्रय’ तर त्याहून अडचणीचा. ‘आश्रय दिला’ म्हटलं की कुणाला तरी माळ्यावर लपवल्यासारखं वाटतं. शिवाय मायदेशी जीवाला धोका आहे म्हणून परक्या देशाकडे मागतात तो आश्रय हा वेगळाच कायदेशीर प्रकार आहे. दोन्हींची खिचडी होईल.

खरं तर घोळ इंग्रजीतूनच आलाय. सँक्च्युअरी म्हणजे मूळची पवित्र जागा. १९८० च्या दशकात ग्वातेमाला आणि एल साल्वादोरमधून पळून आलेल्यांना ॲरिझोनातल्या टूसॉनच्या चर्चनी आसरा दिला, तिथे हा शब्द चपखल होता. पुढे तो पोलिसांच्या नियमांना चिकटला, जिथे ना देऊळ, ना आसरा. १९८७ चा ऑरेगनचा कायदा बघा. त्याची भाषा कशाची, तर सरकारी पैसा, साधनं आणि माणसं कुठल्या कामाला लावायची नाहीत याची.

मला विचाराल तर या सगळ्याचा गाभा सांगणारा मराठी शब्द ‘वेठ’ आहे. संस्कृत ‘विष्टि’ची ही वेठ, फारसी ‘बेगार’ जोडून झाली वेठबिगार. गावात सरकारी स्वारी आली की घरचं काम टाकून ओझी वाहायची, मोबदला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली प्रिंट्झ खटल्यात जवळपास हेच म्हटलं. खटला बंदुकांच्या विक्रीचा होता: घेणाऱ्याची पूर्वतपासणी केंद्राने शेरीफांच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पोलीसप्रमुखांच्या, गळ्यात मारली होती. न्यायालय म्हणालं, राज्याच्या अधिकाऱ्यांना केंद्राने असं वेठीला धरायचं नाही. पुढे केंद्र सरकार कॅलिफोर्नियाविरुद्ध कोर्टात गेलं, तेव्हा या तत्त्वावरच तिथला कायदा टिकला.

म्हणून नेमकं बोलायचं तर ‘वेठीला नकार देणारं राज्य’. बातमीच्या मथळ्यात हे मावणार नाही, कबूल. तिथे ‘बिगरसहकार्य कायदा’ चालेल. (हा ‘बिगर’ बिगरशेतीतला, वेठबिगारीशी त्याचा काही संबंध नाही.) ‘असहकार’ मात्र नको, त्याला लगेच १९२० आणि चरखा चिकटतो. ‘नामानिराळं राहणारं राज्य’ मला मोहात पाडतं, पण नामानिराळ्या माणसाचा हात कुठेतरी आत असतोच असा त्या शब्दाचा वास आहे.

आता ‘डिटेनर’. हे अटक वॉरंट नाही. तुरुंगात असलेला माणूस सुटायच्या बेतात असताना आईस कळवतं, ‘आणखी ४८ तासांपर्यंत ठेवा, आम्ही घ्यायला येतो.’ त्यावर न्यायाधीशाची सही लागत नाही. आपल्या बातम्यांत ‘आरोपीचा ताबा येरवडा कारागृहातून घेतला’ असं येतं, तोच ‘ताबा’ इथे घ्यावा: ‘ताबा-विनंती’. ‘विनंती’ मी सभ्यपणा म्हणून जोडलेली नाही. ताई, तुमचं न्यू जर्सी ज्याच्या अखत्यारीत येतं त्याच फेडरल अपील न्यायालयाने २०१४ साली सांगितलंय की डिटेनर हा हुकूम नाही, विनंती आहे.

टेक्सासची गोष्ट उलटी. तिथे २०१७ च्या कायद्याने राज्यानेच आपल्या शेरीफांना ती विनंती मानायला लावली. न मानणाऱ्याला दंड, आणि पद जाण्याचीही भीती. तिथे ‘ताबा-आदेश’ म्हणालात तरी मी हरकत घेणार नाही, फक्त आदेश टेक्सासच्या राजधानीचा, ऑस्टिनचा आहे, वॉशिंग्टनचा नाही, एवढं आईंना सांगा.