खुराक तसाच राहिला, मेहनत सुटली : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात वजनावरचीच पत्रं जास्त आलीत. त्यातली चार घेतलीयत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

ताई नमस्कार, मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. वय 39, उंची 5 फूट 8, वजन 104. सोळाव्या वर्षापासून नऊ वर्षं तालमीत होतो, 74 किलो गटात खेळायचो, मग खांदा निखळला आणि कुस्ती सुटली. आता भांड्यांचं दुकान हाय, दिवसभर गल्ल्यावर बसून असतो. खाणं कमी करतो म्हटलं की आई म्हणते अंग वाळंल. दोन महिन्यांमागं जिद्दीनं एकदम 300 बैठका मारल्या तर चार दिवस जिना उतरता येईना. जुन्या मसलची चरबी झाली म्हणतात ते खरं का? अंग परत वळणावर येईल का?

दादा, मसलची चरबी होत नाही, दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मेहनत थांबली तसं मसल बारीक झालं आणि खुराक चालूच राहिला म्हणून वरनं चरबी साठली, एवढंच झालंय. आपल्याकडं हे घरोघरी दिसतं. शाहू महाराजांनी 1912 साली खासबाग मैदान बांधलं, त्याच्याही आधीपासनं कोल्हापुरात पैलवानाच्या खुराकाला मान आहे, पण तो खुराक पहाटे चारला उठून कुस्तीच्या मातीचा हौदा खणणाऱ्या, हजार-हजार जोर मारणाऱ्या आणि संध्याकाळी परत लढतीला उतरणाऱ्या पोराचा होता. तुमच्या आईंनी मायेनं तोच चालू ठेवलाय, त्यांचं काही चुकलं नाही, फक्त खाणारा आता गल्ल्यावर बसतो हे कुणी हिशोबात धरलं नाही.

तुम्ही पत्रात लिहिलंय की रोज संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर दोन ग्लास धारोष्ण दूध होतं. त्या एका ग्लासात साधारण 300 मिली दूध मावतं आणि म्हशीच्या 100 मिली दुधात शंभरच्या आसपास कॅलरी धरा, म्हणजे दोन ग्लासाच्या सहाशे झाल्या. तुमच्या वजनाच्या माणसानं तासभर भरभर चाललं तर साडेतीनशे-चारशे खर्च होतात. म्हणजे तास चालूनसुद्धा ते दूध फिटत नाही, आणि हे सगळं जेवणाच्या बाहेरचं, ते कुणी खाण्यात मोजतच नाही. तर दूध बंद करू नका, एक ग्लास घरी घ्या, तापवून, साय काढून. धारोष्ण दुधाची आवड मला कळते पण कच्च्या दुधातून आजार येतात, तापवलेलं कधीही बरं. थंडाईत बदाम दहा-बारा असू देत, तूप आणि खडीसाखर तेवढी काढा.

मटणाचं पण सांगते. आमच्या घरी मटण शिजलं की आळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनमसाल्याचं पाणी, आधी वेगळी काढतात आणि रात्रभर फ्रिजला ठेवतात. सकाळी बघितलं तर वर पांढरी जाड साय धरलेली असते, चमच्यानं उचलली की अख्खी चकती निघते, ती सगळी चरबी. ती टाकून खालची आळणी गरम करून वाटीभर प्या, मिरपूड टाकून, पोटाला आधार पण होतो आणि चव कुठंच जात नाही. सुकं मटण पाच-सहा फोडी, एक भाकरी, कांदा-काकडी भरपूर. तांबडा घ्या पण वरचा तेलाचा कट बाजूला सारून, आणि पांढरा वाटीभरच कारण त्यात खोबऱ्याचं दूध, काजू, तीळ, खसखस असतं, दिसायला हलका असला तरी तो चांगलाच जड.

आता मेहनत. 300 बैठकांचं परत करू नका, हे मी कळकळीनं सांगते. डोक्याला जुनी सवय आठवते पण मांड्या चौदा वर्षं बसलेल्या आहेत. अशी एकदम अति मेहनत झाली की मसल आतून तुटतं आणि त्याचा त्रास थेट किडनीला होतो, लघवी चहासारखी काळपट झाली तर घरी न थांबता डॉक्टरकडं जायचं. सुरुवातीला 15 बैठका आणि भिंतीला हात टेकून 10 जोर, असं तीन वेळा, दिवसाआड. खांद्यात कळ आली तर जोर थांबवा. रोज 40 मिनिटं चालणं. बैठका आणि जोर दर आठवड्याला दोन-दोन वाढवत न्या. सुरू करायच्या आधी बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, चालताना छातीत दडपल्यासारखं झालं तर तिथंच थांबून दवाखाना गाठा. आणि कंबर मोजा, बेंबीच्या उंचीवर टेप धरून. आपल्या पुरुषांना 90 सेंटिमीटरच्या वर गेली की धोका धरतात. काटा कधी कधी महिनाभर हलत नाही पण टेप सांगतो. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी भरपूर झालं, अंग वळणावर येणार, वर्ष-दीड वर्ष धरून चला.

चहात साखरेऐवजी गूळ घातला तर वजन कमी होतं का? आणि सकाळी गरम पाणी, मध, लिंबू?

नाही होत. आपल्या गुळाचा मलाही अभिमान आहे पण कॅलरी साखरेएवढ्याच जवळजवळ, 100 ग्रॅमला 380 च्या पुढं, आणि गूळ चांगला म्हणून लोक दोन खडे जास्तच टाकतात. गरम पाण्यानं चरबी वितळत नाही, मध म्हणजे पण साखरच. पाणी नुसतं प्या, चांगलंच आहे.

मी कसबा बावड्याची, वय 46, वजन 78. सहा महिने झाले सकाळी मैत्रिणींबरोबर अर्धा तास चालते, भात सोडला, चपात्या दोनच खाते, तरी किलोभरसुद्धा कमी नाही. गुडघे दुखतात. घरात आम्ही चौघं. आता माझं वय झालं म्हणून होत नाही का?

वहिनी, वय हे एक कारण आहे पण तेवढंच नाही. पाळी जायच्या आसपास मसल कमी होतं आणि चरबी पोटाकडं सरकते हे खरं. थायरॉइडची टीएसएच टेस्ट एकदा करून घ्या, ती नॉर्मल आली तर मन पण हलकं होईल.

मला तुमच्या पत्रातलं एक वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं, ते तुम्ही सहज लिहून गेलाय, की महागाई एवढी वाढलीय आणि तेलाचा पाच लिटरचा कॅन वीस दिवसात संपतो. त्याचा हिशोब करूया. वीस दिवसात पाच म्हणजे महिन्याला साडेसात लिटर, चौघांत वाटलं तर माणशी पावणेदोन लिटरच्या वर. माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे असं सांगतात. तुमच्या वाट्याला रोज साठ मिली तेल येतंय, त्याच्याच पाचशे कॅलरी झाल्या, आणि ते दोन चपात्यांत दिसत नाही कारण ते फोडणीत, चपातीच्या घडीत, खर्ड्यावर, कटाच्या आमटीत गेलेलं असतं. बिचारा भात उगाच बदनाम झाला, वाटीभर भात तुम्ही खुशाल खावा.

असं करा, पुढच्या एक तारखेला कॅनमधनं चार लिटर वेगळं काढून ठेवा आणि महिना त्यातच भागवायचा. फोडणीला कॅन तिरका करायचा नाही, डब्यात छोटा चमचा टाकून मोजूनच. एकदम दोन लिटरवर आणायला गेलात तर घरातली माणसं दोन दिवसात कुरकुर करतील, म्हणून चार, मग तीन. तुमच्या घरी तळण किती होतं ते पण बघा, तळून उरलेलं तेल परत फोडणीला वापरता ते बरोबर नाही. चहा पाच कप आणि कपाला दोन चमचे साखर लिहिलीय, ती रोजची 50 ग्रॅम, दोनशे कॅलरी. कप तीन करा, चमचा एक. आणि पोरांच्या ताटातलं उरलेलं वाया जाऊ नये म्हणून आपण खायचं ही सवय आपल्या बायकांची, ती सोडताना जिवावर येतं मला माहिताय, पण आधीच कमी वाढा म्हणजे उरणार नाही.

जेवणात डाळ-उसळ वाढवा. मटकी, अख्खा मसूर, हुलग्याचं माडगं (गूळ बेतानं), चालत असेल तर रोज एक-दोन अंडी, पातळ ताक. शाळूची भाकरी आणि पोकळ्याची भाजी असली की पोट भरल्यासारखं वाटतं. गुडघ्यासाठी खुर्चीवरनं हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ, दुखलं तर उंच खुर्ची घ्या. मांडी घट्ट झाली की गुडघ्यावरचा ताण उतरतो. शरीराचं एक किलो वजन कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो, म्हणजे पाच किलो उतरले तरी तुम्हाला जिना चढताना फरक कळेल. चालणं गप्पा मारत असतं ना? गप्पा असू देत, पण मधली दहा मिनिटं अशी चाला की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही.

ताई, मी 23 वर्षांची, राजारामपुरीत रूमवर राहते. जानेवारीत लग्न आहे. अडीच महिन्यात 61 वरनं 52 वर आले, एकच वेळ जेवते, बाकी काकडी आणि ब्लॅक कॉफी. उंची 5 फूट 3. पण केस मूठभर गळतात, दोन महिने पाळी नाही, उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी येते. अजून 4 किलो कमी करायचेत, घागऱ्याचं माप तसं दिलंय. काय खाऊ?

बाळा, आणखी चार किलोचं आता मनातनं काढून टाक. 52 हे तुझ्या उंचीला अगदी बरोबर वजन आहे. पहिल्या आठवड्यात जे भराभर उतरलं त्यात बरंचसं पाणी होतं आणि नंतर चरबीबरोबर मसलपण गेलं. केस आत्ता का गळतात तर शरीराला उपासमार कळली की ते मुळं आधी गप्प बसवतं आणि केस दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात. जेवण नीट झालं की बहुतेक वेळा परत येतात, थोडा धीर धरावा लागतो. पाळी थांबणं मात्र अंगावर काढायचं नाही. या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे, आणि किती खात होतीस ते त्यांना खरं सांग, लाजू नकोस.

डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत उद्या सकाळपासनं तीन वेळा खायचं. रूमवर गॅस नसेल तर इलेक्ट्रिक किटलीत अंडी उकडतात, दोन अंडी आणि एक केळं हा नाश्ता झाला. मेसच्या डब्यातली डाळ पूर्ण संपव, वाटीभर दही वेगळं घे, चपाती दोन, भात थोडा. संध्याकाळी मूठभर फुटाणे. ब्लॅक कॉफी दिवसाला एक, ती पण खाल्ल्यावर. दोर-उड्या आणि पळणं चक्कर थांबेपर्यंत बंद, हळू चाल.

आणि घागऱ्याचं, शिवणाऱ्या ताईंना आजच फोन कर आणि कमरेला दीड इंच शिवण आत सोडायला सांग, दोन्ही बाजूला. कापड अजून कापलं नसेल तर माप परत द्यायला जा.