इमारत मागू नकोस, माणूस माग

पोरी,

तुझं निवेदन दोनदा वाचलं. पंचायतीत निवडून येऊन वर्ष झालं नाही आणि ३० खाटांचा दवाखाना मागतेस. खाली पेन्सिलीनं लिहिलंयस, "काका, मागायचं तरी कुणाकडं? बेंगळूरकडं की मुंबईकडं?"

२०२३ मध्ये महाराष्ट्रानं फुले जन आरोग्य ही मोफत उपचारांची योजना आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायची ठरवली आणि कर्नाटकानं हरकत घेतली. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यात मी कुठं उभा आहे, हे तुला सांगायला नको. पण घटनेनं दवाखाने राज्यांकडं दिलेत आणि तुझा बाप कर भरतो तो इथं, कर्नाटकात. तेव्हा इथंच माग, मराठीत माग. तिकडचं मिळालं तर तेही घे.

मात्र योजनेचं कार्ड म्हणजे दवाखाना नव्हे गं! इथल्या २०१८ च्या आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. ऑपरेशनला ते मोलाचं. पण खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवरून पावसाळ्यात अजून रुग्णाला खांद्यावर घालून आणतात. रात्री साप चावला तर इंजेक्शन टोचायला माणूस लागतो. इमारत मागू नकोस, माणूस माग.

मला हे उशिरा कळलं. आमदार असताना मी तीन आरोग्य उपकेंद्रं बांधून घेतली, कोनशिलेवर नाव घातलं. एका ठिकाणी नर्ससाठी खोली होती. तिचं कुलूप पाच वर्षं निघालं नाही. त्या गावची एक बाळंतीण झोळीतून आणताना वाटेतच गेली. मी भेटायला गेलो. सासूनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला, बोलली काहीच नाही.

लोक मला दोष देतात. अरे, पण आमदार निधीतून भिंती बांधता येतात, पगार देता येत नाही! पगार अंदाजपत्रकातून येतो. राज्यांनी बजेटचा ८ टक्क्यांहून जास्त भाग आरोग्यावर घालावा, असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात छापलंय. ते हातात धरून मी विधानसभेत पुरवणी मागण्यांवर, म्हणजे सरकारच्या जादा खर्चाच्या मंजुरीवर, बोलायला उठलो होतो. वेळ संपली म्हणून बसवलं. मी बसलो. बसायला नको होतं. तू बसू नकोस, एवढ्यासाठी हा सगळा कागद खरडतोय.

तर ते निवेदन फाड. रागावू नकोस, फाडच. प्राथमिक आरोग्य केंद्रात पदं किती मंजूर, किती भरलेली, कंत्राटी किती, हे माहिती अधिकारात विचार. माणूस माग, पदाच्या नावानिशी माग. उत्तर कन्नडमध्ये येईल. घेऊन ये, मी वाचून सांगतो.

आणि त्या खोलीत नर्स राहायला आली, तर फोन कर. रात्री कितीही वाजले असले तरी कर.

तुझा काका