सहावीच्या वर्गात मुलांचे गट पडले आहेत, एकमेकांशी बोलत नाहीत. सहकार्य शिकवणारे कोणते खेळ घ्यावेत?

साखळीपासून सुरुवात करा, आठवड्याभराने लगोरी घ्या. खेळाच्या तासाला मी नव्या वर्गाला आधी साखळीच देते, कारण त्यात कुणी बाद होऊन कडेला बसत नाही. ज्याच्यावर राज्य तो एकाला पकडतो, मग दोघं हात धरून तिसऱ्यामागे धावतात, आणि साखळी वाढत जाते. पकडता येतं ते फक्त टोकाच्या दोघांना, आणि हात सुटला तर पकड धरायची नाही. मधल्या मुलाने डावीकडे ओढलं आणि टोकाचा उजवीकडे पळाला की साखळी तुटलीच! दोन-तीनदा असं झालं की मुलं आपणहून "आधी त्याला कोपऱ्यात घेऊ" असं ठरवायला लागतात. त्यांनी बोलावं म्हणून हा खेळ घ्यायचा, त्यामुळे तेव्हा बाहेरून सूचना देऊ नका.

लगोरीत सात चपटे दगड रचताना चेंडूचा मार चुकवायचा असतो. एकाने चेंडू स्वतःकडे ओढायचा आणि दुसऱ्याने रचायचं, एवढं जमलं तरी खूप. चेंडू मऊ घ्या, डोक्यावर मारायचा नाही हे आधीच बजावा.

मात्र संघ मुलांना निवडू देऊ नका, नाहीतर तेच गट मैदानावर येतात आणि शेवटी उरणारं मूल रोज तेच असतं. हजेरीच्या क्रमाने एक-दोन, एक-दोन म्हणवून संघ पाडा. हात धरायला कुणी लाजत असेल तर मध्ये रुमाल धरू द्या.