कामाची ॲलर्जी आणि भरपाईचा वाद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चाकणजवळच्या एका बॉडी शॉपमध्ये तीन वर्षे गाड्यांना स्प्रे पेंट मारतो. पगार 19,500, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो. आठ महिन्यांपासून रात्री धाप लागते. डॉक्टरांनी दम्याची रजा दिली, पण पैसे साध्या आजारपणाच्या दराने आले. मालक म्हणतो, कामावर तर तू ठणठणीत असतोस!

उत्तर : मालकाचा हा मुद्दा तुमच्याच बाजूचा आहे. टू-के, म्हणजे दोन घटक मिसळून मारायच्या पेंटच्या हार्डनरमध्ये (पेंट घट्ट करणाऱ्या घटकात) बहुधा आयसोसायनेट हे रसायन असते. त्याची ॲलर्जी जडली की धाप पुष्कळदा लगेच लागत नाही, चार ते आठ तासांनी लागते. त्यामुळे दिवसभर बूथमध्ये बरे वाटते आणि घरी गेल्यावर छाती भरते.

कायद्यात तुमची जागा स्पष्ट आहे. व्यावसायिक आजारांच्या तिसऱ्या अनुसूचीच्या ब भागात 'कामाच्या प्रक्रियेतल्या मान्यताप्राप्त संवेदक द्रव्यांमुळे होणारा दमा' अशी नोंद आहे. त्याच कामावर सलग सहा महिने झाले असतील, तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरले जाते. तसे नाही, हे समोरच्याने सिद्ध करायचे. ही यादी नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तिसऱ्या अनुसूचीतच आहे.

फरक किती पैशांचा, तेही पाहा. सरासरी रोज 650 रुपये धरला, तर आजारपणाचा लाभ 70 टक्के, म्हणजे 455 रुपये, आणि तोही वर्षात 91 दिवसच. व्यावसायिक आजार मानला गेला, तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ 90 टक्के, म्हणजे 585 रुपये, अपंगत्व आहे तोवर. पुढे कमाईची क्षमता कायमची 25 टक्के घटली असे ठरले, तर 585 च्या पाव, म्हणजे रोज 146 रुपये 25 पैसे जन्मभर.

वाद हरतो तो बहुतेक वेळा केसपेपरवर. घाईत डॉक्टर 'के/सी/ओ अस्थमा' लिहितात, म्हणजे पूर्वीपासून माहीत असलेला दमा. त्यांच्या मनात काही नसते. पण पुढे वैद्यकीय मंडळासमोर ही तीन अक्षरे 'आजार जुनाच' म्हणून वाचली जातात. म्हणून पहिल्याच भेटीत काम कोणते, हार्डनर कोणता, त्रास कोणत्या महिन्यात सुरू झाला, हे लिहून घ्या. कागद घरी नेऊन वाचा. चूक असेल तर पुढच्या तपासणीत दुरुस्त करून मागा, खाडाखोड करून नको.

पुरावा स्वतः तयार करता येतो. औषधाच्या दुकानात पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा जोर मोजणारे साधन, मिळतो. दिवसातून किमान चार वेळा फुंकायचे : उठल्यावर, कामाच्या मध्यात, सुटल्यावर, झोपताना. प्रत्येक वेळी तीन फुंका, त्यांतला सर्वांत मोठा आकडा वहीत, शेजारी वेळ आणि कामाचा दिवस की सुट्टीचा. चार आठवडे करा आणि त्यात सलग आठ-दहा दिवसांची रजा येऊ द्या. जुन्या त्रासात एका रविवारने फुप्फुस सावरत नाही. मग आलेख सपाट दिसतो आणि 'कामाचा संबंध नाही' असा शेरा बसतो. या काळात पंप किंवा गोळ्यांचा डोस डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय बदलू नका, आणि बदलला तर ती तारीख नोंदवा. महिनाभराचे आकडे एकाच शाईत एका बैठकीत लिहिलेली वही अनुभवी डॉक्टर लगेच ओळखतो.

हार्डनरची सेफ्टी डेटा शीट (रसायनाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद) लेखी मागा. तिचे 16 विभाग असतात. तिसऱ्यात घटक, आठव्यात कोणता मास्क, अकराव्यात श्वसनाच्या ॲलर्जीचा इशारा. आठव्यात हवेचा पुरवठा असलेला मास्क लिहिलेला आणि तुम्हाला कापडी दिला असेल, तर फोटो काढून ठेवा.

हे सारे जोडून ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या : व्यावसायिक आजार ठरवण्यासाठी विशेष वैद्यकीय मंडळाकडे पाठवावे. आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मंडळाचा निर्णय पटला नाही, तर तीन महिन्यांच्या आत वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा थेट कर्मचारी विमा न्यायालयात जाता येते. मात्र ईएसआयचे विमाधारक असताना त्याच आजारासाठी मालकाविरुद्ध वेगळा भरपाईचा दावा चालत नाही. त्यात वेळ घालवू नका.

प्रश्न : मी गवंडी, वय 40. सिमेंटने दोन्ही हातांना भेगा, पाणी सुटते. ऑगस्ट 2025 पासून घरी आहे. एकाच बिल्डरच्या साइटवर 11 महिने होतो, पण त्या काळात ठेकेदार तीन बदलले. ईएसआय नाही. आता सगळे हात वर करतात.

उत्तर : तुमचे काम सुटले ते 21 नोव्हेंबर 2025 ला नवी संहिता लागू होण्याआधी, म्हणून 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदाच पाहायचा. आजारात 'अपघाताची तारीख' म्हणजे त्या आजारामुळे सलग गैरहजेरीचा पहिला दिवस. तिथून दोन वर्षांत अर्ज हवा. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका.

खरी अडचण सहा महिन्यांची आहे. वर सांगितलेल्या तिसऱ्या अनुसूचीच्या ब भागातल्या आजाराला सहा महिने एकाच मालकाकडे भरावे लागतात, दुसऱ्याकडची नोकरी त्यात धरत नाहीत. तिन्ही ठेकेदार हाच मुद्दा काढणार. कलम 12 प्रमाणे ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मुख्य मालकाकडूनही मागता येते, म्हणून बिल्डर आणि तिघे ठेकेदार, चौघांनाही सामनेवाले करा. सहा किंवा जास्त महिने कोणा एकाकडे भरले असतील, तर अर्जात त्याचे नाव आधी. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी घेतलेला 90 दिवसांचा दाखला, गेटवरची हजेरी, मुकादमाचे मजुरीचे मेसेज, सगळे जपा.

सिमेंटमधल्या क्रोमियमची ॲलर्जी पॅच टेस्टने कळते. पाठीवर 0.5 टक्के पोटॅशियम डायक्रोमेट लावून पट्टी 48 तास ठेवतात. वाचन पट्टी काढल्यावर आणि पुन्हा, पट्टी लावल्यापासून 96 तासांनी. दुसरे वाचन चुकवू नका, उशिरा उठणारी लाली त्यातच पकडली जाते. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर खरी ॲलर्जीही दिसत नाही. पाठ भिजवायची नाही. उन्हाळ्यात घामाने पट्टी सुटते, तेव्हा थंडीत तारीख घेतलेली बरी.

रक्कम अशी : मासिक वेतन 15,000 पर्यंत धरतात. त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले वय 40 चा गुणक 184.17, म्हणजे 16,57,530. कमाईची क्षमता 20 टक्के घटली असे ठरले, तर 3,31,506. सगळी लढाई या टक्क्यावर होते. कातडीतज्ज्ञ 'त्वचेचे अपंगत्व 5 टक्के' लिहून मोकळे होतात. त्यांना विचारायचे ते वेगळे : हा माणूस पुन्हा माल कालवू शकेल का, गिलावा करू शकेल का? एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर तुटला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंग देव खटल्यात (1976) ते संपूर्ण अपंगत्व मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. वकिलाला हा दाखला द्या. रक्कम देय झाल्यापासून महिन्यात दिली नाही, तर 12 टक्के व्याज लागते. सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो, म्हणून पावत्या फेकू नका. अर्ज तुम्ही राहता त्या भागातल्या कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडेही चालतो.

प्रश्न : बेकरीत मैदा चाळून दमा झाला. मालक म्हणतो, लहानपणी सर्दीची ॲलर्जी होती, म्हणून भरपाई नाही.

उत्तर : ॲलर्जीची प्रवृत्ती असणे आणि दमा असणे या दोन गोष्टी आहेत. मैद्याने किंवा पिठातल्या अमायलेज एन्झाइमने दमा जडला हे दिसले, तर लहानपणच्या सर्दीने 'कामामुळेच झाला' हे गृहीतक मोडत नाही. प्रिक टेस्टमध्ये (कातडीला टोचून करायच्या ॲलर्जीच्या चाचणीत) गव्हाच्या पिठासोबत अमायलेजही करायला सांगा, ते बरेचदा राहून जाते. कामावर घेतानाची वैद्यकीय तपासणी स्वच्छ असेल, तर तिची प्रत आधी मिळवा.

प्रश्न : 25,000 घे, 'पुढे काही मागणार नाही' असे लिहून दे आणि राजीनामा दे, असे सांगतात. सही करू का?

उत्तर : नको. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार 1923 च्या कायद्याच्या कलम 17 ने रद्दच ठरतो. तडजोड करायचीच, तर ती आयुक्तांकडे नोंदवलेली हवी; रक्कम अपुरी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. आणि राजीनाम्याआधी तपासण्या उरकून घ्या : काम सुटल्यावर काही महिन्यांत फुप्फुसाचे आकडे पुष्कळदा सुधारतात आणि मग दाखवायला काहीच उरत नाही.