वाचकांचे प्रश्न : आषाढातला लघुपट आणि हाताशी २१ दिवस

प्रश्न : मी आणि माझे तीन मित्र आषाढातील त्र्यंबोली म्हणजेच टेंबलाई देवीच्या यात्रेवर १० मिनिटांचा लघुपट करीत आहोत. तो एका स्पर्धेसाठी २१ दिवसांत पूर्ण करायचा आहे. सगळेच नोकरीत असल्यामुळे चित्रीकरणाला फक्त शनिवार-रविवार मिळतो. कथा अशी आहे : गुडघेदुखीने बेजार झालेली आई दरवर्षीप्रमाणे पंचगंगेचे नवे पाणी टेंबलाईला वाहायचे म्हणते, पुण्याहून आलेली मुलगी तिला अडवते, तरीही आई टेकडी चढते आणि तिचा गुडघा बरा होतो. पटकथा १४ पानांची असून त्यात ९ ठिकाणे आहेत. हे सारे वेळेत कसे बसवावे?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपला पहिला अडथळा पटकथेत नसून पंचांगात आहे. नव्या पाण्याची ही यात्रा आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. शनिवारी कॅमेरा घेऊन टेकडीवर गेलात, तर ओल्या पायऱ्या आणि चार-दोन भाविक एवढेच हाती लागेल, आणि मग नात्यातल्या बायकांना नऊवारी नेसवून खोटी मिरवणूक उभी करावी लागेल. ती खोटी आहे हे कोल्हापूरचा प्रेक्षक पहिल्याच शॉटमध्ये ओळखेल. तेव्हा चौघांनीही एका शुक्रवारची रजा टाकावी. शुक्रवारी यात्रा, शनिवारी घरातले प्रसंग आणि रविवार राखीव, अशी मांडणी केल्यास चित्रीकरण तीन दिवसांत उरकते.

आता पटकथा. साधारणपणे एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट, म्हणजे चार पाने जायलाच हवीत. ती कोणती, हे आपल्याच पत्रात दिसते. गुडघा बरा होणार म्हणून आधी तो किती दुखतो हे दाखवणे आले. त्यासाठी दवाखाना, औषधाचे दुकान, रिक्षा. आणि शेवटी बरा झाल्याचे पटवण्यासाठी पुन्हा दवाखाना. चमत्कार वगळला की ही सारी ठिकाणे आपोआप गळतात आणि स्वयंपाकघर, घाट व टेकडी एवढीच उरतात. माझा आक्षेप केवळ वेळेचा नाही. गुडघा उद्या अधिकच दुखणार हे पक्के ठाऊक असूनही जी बाई कलश डोक्यावर घेते तिची श्रद्धा मला खरी वाटते. गुडघा बरा झाला की गोष्ट औषधाच्या जाहिरातीसारखी होते. शेवट कसा करावा हे ठरवणारा मी कोण, पण पाणी वाहून झाल्यावर रिकामा कलश मुलीने उचलून पायऱ्या उतराव्यात आणि दोघींनी त्याबद्दल एक शब्दही बोलू नये, असे मला सुचते.

आईच्या भूमिकेसाठी अभिनेत्री शोधू नका. आपल्या पेठेत दरवर्षी पाणी घेऊन जाणारी एखादी मावशी किंवा काकू नक्की असेल, तिला विचारा. ज्या मंडळाच्या किंवा तालमीच्या मिरवणुकीत ती चालणार असेल, त्यांच्या कार्यकर्त्यांना आठवडाभर आधी भेटून आपण काय करणार आहात हे नीट सांगा, आणि टेकडीवरच्या मंदिरात चित्रीकरण कुठवर चालेल हे पुजारी व व्यवस्थापनाला विचारून घ्या. तिने खरोखरच पाणी आणावे, खरोखरच पायरीवर वाहावे, आणि आपण ते एकदाच टिपावे. देवीच्या पायरीवर दुसरा टेक मागायचा नसतो. म्हणून त्या क्षणासाठी दोन कॅमेरे ठेवा, एक तिच्या हातांवर आणि दुसरा मुलीच्या चेहऱ्यावर. दुसरा कॅमेरा मोबाइलचा असला तरी चालेल.

ध्वनीविषयी अधिक विस्ताराने लिहितो, कारण घाईतले लघुपट बहुधा तिथेच फसतात. यात्रेत वाजणाऱ्या पी-ढबाक या वाद्यांच्या गजराचे पंधरा-पंधरा सेकंदांचे तुकडे घेऊन मी एकदा संकलनाला बसलो होतो. प्रत्येक कटला ताल तुटत होता आणि दोन रात्री वाया गेल्या. आपण तसे करू नका. एका मित्राकडे फक्त वेगळा रेकॉर्डर द्या, त्याने वाजंत्र्यांपासून थोडे अंतर राखून चालत राहावे आणि सलग १० मिनिटे न थांबता मुद्रण करावे. पुढे हा अखंड गजर खाली अंथरून त्यावर दृश्ये हवी तशी कापता येतात, आणि वेगवेगळ्या वेळी टिपलेले शॉट एकाच चालीतले वाटतात. शनिवारी घरात मात्र पंखा व फ्रिज बंद ठेवा आणि प्रत्येक खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट मुद्रित करा.

पार्श्वसंगीतासाठी जुना अभंग वापरणार असाल तर एक खबरदारी घ्या. संतांची रचना सर्वांची असते, पण तिचे ध्वनिमुद्रण ज्याने काढले त्याचे असते, आणि भारतात तो हक्क प्रकाशनापासून ६० वर्षे टिकतो. शिवाय रचना खरोखर संतांची आहे का, हेही पाहावे लागते. चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या तालमीत कोल्हापुरात घडलेल्या दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटातील ‘आधी बीज एकले’ हे गीत कित्येक जाणकारांनाही तुकोबांचेच वाटले. ते लिहिले होते शांताराम आठवले यांनी. त्यापेक्षा त्याच मावशींना घरात दोन ओळी गुणगुणू द्या.

राहता राहिला पाऊस. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, पण घाट त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो. शुक्रवारच्या आधी चार दिवस रोज पातळी पाहत जा, आणि घाटावरचा प्रसंग काठावर जिथे पाणी लागेल तिथे करता येईल असाच लिहा. ड्रोन घरी ठेवा. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असल्याने परवानगीच्या फेऱ्यांतच आपले २१ दिवस संपतील. चित्रीकरण पहिल्या आठवड्यात आटोपले, तर संकलनाला १० दिवस मिळतात आणि उरलेल्या दिवसांत इंग्रजी उपशीर्षके व फाइल पाठवण्याचे काम होते. शेवटच्या रात्री इंटरनेटवर भरवसा ठेवू नका.

प्रश्न : अंबाबाईच्या किरणोत्सवावर पाच मिनिटांचा लघुपट करावयाचा आहे. गाभाऱ्यात चित्रीकरण शक्य नसल्यास मूर्तीवरील किरण स्टुडिओत दिवे लावून दाखवावेत काय?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दाखवू नयेत. नोव्हेंबरात ९ ते ११ आणि पुढे ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, अशी मावळतीची किरणे महाद्वारातून आणि गरुड मंडपातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग वर वर, असा त्यांचा प्रवास अपेक्षित असतो, आणि ढग किंवा धुळीने तो अर्ध्यावर थांबतोही. आपला विषय तो प्रवास असावा. देवस्थान व्यवस्थापन समितीची परवानगी घेऊन आवारात उभे राहा आणि वाट पाहणाऱ्यांचे चेहरे टिपा. किरणे पोहोचली की नाहीत, हे त्या चेहऱ्यांवरूनच कळेल. तिन्ही दिवस एकाच जागी, एकाच लेन्सने आणि एकाच एक्स्पोजरवर चित्रीकरण करा. कॅमेरा ऑटोवर ठेवलात तर तो मावळता प्रकाश स्वतःच उजळवून टाकील आणि तिन्ही दिवस सारखेच दिसतील.